तळटीप : मुंग्यांची रीत

७. मुंग्यांची रीत : मार्को दोरिगो यांनी १९९२ साली मिलानमध्ये सादर केलेल्या प्रबंधातील गणनपद्धत. मूळ मजकुरात तिचा उल्लेख ओझरता आहे, म्हणून हा खुलासा. शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या चिटबॉयला (साखर कारखान्याच्या ऊसतोडीवर देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याला) उसाच्या १५ फडांची फेरी एका दमात करायची असेल, तर ते फड घेण्याचे क्रम १,३०,७६७ कोटींहून अधिक होतात. सगळे तपासत बसण्यापेक्षा संगणकातल्या 'मुंग्या' अंदाजाने वाटा धरतात. आखूड वाटेवर वासाची खूण जास्त पडते, पुढच्या मुंग्या त्या खुणेकडे ओढल्या जातात आणि दर फेरीला सगळ्याच खुणा थोड्या उडून जातात. खोट इथेच आहे. सुरुवातीला एखादी बरी वाट सापडली की सारी रांग तिच्याच मागे लागते आणि याहून चांगली वाट कोणी शोधतच नाही. यावर श्टुट्झले आणि होस यांनी खुणेच्या तीव्रतेला वरची व खालची मर्यादा घातली. एकमेकींना छेदणाऱ्या वाटा सोडवून घेण्याची जोड दिली, तर निकाल आणखी सुधारतो.

ऊसवाहतुकीला मात्र अंतराचा हिशोब पुरत नाही. तोडलेला ऊस गव्हाणीत पडायला उशीर झाला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात. तेव्हा तासही मोजावे लागतात.

पुढे लांडगे, वटवाघळे, कोकिळा यांच्या नावानेही पद्धती निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच जुन्याच गणिताला नवे कातडे पांघरतात, असे संपादकाचे मत आहे. पुण्याच्या आनंद कुलकर्णी व सहकाऱ्यांची 'कोहॉर्ट इंटेलिजन्स' (२०१३) प्राण्यांकडे न जाता, एकमेकांचे पाहून शिकणाऱ्या माणसांच्या गटावर बेतलेली आहे.