ब्रॅडशॉची पोथी आणि परदेशचा प्रवास

आगगाडीचा खरा शौकीन परदेशी जावयास निघतो, तेव्हा त्याचा प्रवास स्टेशनावर नव्हे, तर घरच्या टेबलावरच सुरू होतो. नकाशा पसरलेला, हाती पेन्सिल आणि समोर वेळापत्रकाचे जाडजूड पुस्तक. कोणती गाडी कोठे सोडावी, पुढली कोठे धरावी, सरहद्दीवर किती वेळ मोडेल, या जुळवाजुळवीतच त्याचे निम्मे सुख साठविलेले असते. हे सुख ज्याने प्रथम सर्वांच्या हाती दिले, तो जॉर्ज ब्रॅडशॉ हा नकाशे कोरणारा कारागीर होता.

१८०१ साली मँचेस्टरनजीक सॅल्फर्ड येथे जन्मलेल्या ब्रॅडशॉने आरंभी कालव्यांचे नकाशे केले. पुढे लोहमार्गांचे जाळे पसरले. प्रत्येक कंपनीचे पत्रक निराळे. १८३९ मध्ये त्याने ही पत्रके एका छोट्या पुस्तकात एकत्र केली. १८४१ च्या अखेरीपासून ते दरमहा निघू लागले आणि १८४७ मध्ये युरोपखंडासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आली.

हे काम वरकरणी वाटते तितके सोपे नव्हते. त्या काळी गावोगावचे घड्याळ निरनिराळे असे. लंडनच्या मानाने ब्रिस्टल दहा मिनिटे मागे. फ्रान्समध्ये तर १९११ पर्यंत स्टेशनाबाहेरचे घड्याळ एक वेळ दाखवी आणि फलाटावरचे पाच मिनिटे मागे असे. जर्मनीत सर्वत्र एकच वेळ रूढ व्हावयास १८९३ साल उजाडले. स्पेनच्या सरहद्दीवर रूळच अधिक रुंद, म्हणून तेथे गाडी बदलणे भाग पडे. या साऱ्याचा हिशेब न करता निघणाऱ्याची पुढली गाडी हमखास चुके.

ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीचा नायक फिलिअस फॉग हाच ब्रॅडशॉ काखोटीला मारून निघतो. पण मुंबईहून कलकत्त्याकडे जाताना वाटेत रूळच संपतात. वर्तमानपत्रांनी मार्ग पुरा झाल्याचे छापलेले असते, प्रत्यक्षात काम अपुरे असते आणि फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो. हा खंड अर्थात कादंबरीतला. जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्येच पूर्ण झाला होता. तथापि फॉगची योजना टिकली ती त्याने अडचणींचा हिशेब आधीच धरला होता म्हणून. दोन गाड्यांमध्ये पुरेसा अवकाश ठेवावा, हा धडा प्रत्येक प्रवाशाने गिरवावा असाच आहे.

स्वतः ब्रॅडशॉचा अखेरचा प्रवास मात्र कोणत्याही हिशेबात बसला नाही. १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी धावली. त्याच वर्षी ब्रॅडशॉ नॉर्वेला गेला. तेथे त्याला पटकीने गाठले आणि सप्टेंबरात त्याचा अंत झाला. आज ऑस्लो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या नगरीतच त्याला मूठमाती देण्यात आली. नॉर्वेचा पहिला सार्वजनिक लोहमार्ग सुरू झाला तो पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये. गाड्यांच्या वेळा जगाला सांगणाऱ्याने देह ठेवला तो जेथे गाडी अद्याप पोचलीच नव्हती अशा भूमीत!

त्याचे नाव मात्र उरले. इंग्लंडातला ‘ब्रॅडशॉ’ १९६१ पर्यंत निघत राहिला. युरोपसाठी टॉमस कुकच्या कंपनीने १८७३ मध्ये सुरू केलेले वेळापत्रक महायुद्धाचा खंड सोसून २०१३ पर्यंत चालले. कंपनीने ते बंद केले, तेव्हा ते तयार करणाऱ्या मंडळींनीच २०१४ मध्ये स्वतंत्रपणे त्याला पुन्हा जीवदान दिले. आज यंत्र क्षणात एक गाडी सुचविते. परंतु ती चुकली तर मागून कोणती येईल, वाटेतल्या फाट्यावरून कोणते अपरिचित गाव गाठता येईल, हे एका पानावर पाहावयाचे असेल, तर शौकीन अजूनही पुस्तकच उघडतो. ब्रॅडशॉने घालून दिलेली ही वहिवाट अद्याप मोडलेली नाही.