साडीतील मरिया : आंजेलो दा फोन्सेका यांची कलासाधना

गोमंतकीय चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांचे नाव महाराष्ट्रातील कलारसिकांना फारसे परिचित नाही. वास्तविक त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ पुण्यात गेला. ख्रिस्ती धर्मकथेला भारतीय रूप देणाऱ्या आधुनिक चित्रकारांमध्ये त्यांची गणना अग्रक्रमाने होते. श्रद्धेने त्यांना चित्रांचा विषय तर दिलाच. शिवाय कोणाकडे शिकावे, कोठे राहावे आणि कोणता मान सोडून द्यावा, हेही तिनेच ठरविले.

फोन्सेका यांचा जन्म मांडवीच्या पात्रातील सांत इस्तेव्ह, म्हणजेच जुवे या बेटावर एका सधन कॅथलिक कुटुंबात झाला. आरंभी त्यांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास हाती घेतला. परंतु तो सोडून ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेकडे वळले. तेथील शिक्षणावर त्या काळी युरोपीय वास्तववादी पद्धतीचा पगडा होता. ती पद्धत त्यांना रुचली नाही. ते बंगालमध्ये गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या सान्निध्यात त्यांनी चित्रकलेचे धडे गिरविले. मोगल व पहाडी लघुचित्रे, अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि जपानी जलरंगतंत्र यांच्या मिलाफातून बंगाल शैली आकारास आली होती. पातळ जलरंगांचे थर द्यावेत, चित्र पाण्याने धुवावे आणि पुन्हा रंग चढवावा, या क्रमाने तिच्यातील धूसर, शांत वातावरण साधले जाते. ध्यान आणि प्रार्थना यांच्या चित्रणाला हे तंत्र विशेष मानवणारे होते.

१९३०च्या दशकाच्या आरंभी फोन्सेका गोव्यात परतले. त्यांच्या चित्रांतील मरिया साडी नेसलेली, सावळ्या वर्णाची, एखाद्या गोमंतकीय घरातील माउलीसारखी दिसे. पोर्तुगीज राजवटीतील धार्मिक वर्तुळांना हे सहन झाले नाही. पवित्र व्यक्तींना 'देशी' वेश देणे म्हणजे त्यांचा अवमान करणे होय, अशी टीका होऊ लागली. प्रश्न वेशभूषेपुरता नव्हता. गोमंतकीय ख्रिस्ती समाजाने धर्माबरोबर युरोपीय संस्कृतीही स्वीकारलीच पाहिजे काय, हा मूळ वाद होता आणि फोन्सेका यांची चित्रे त्याचे नकारार्थी उत्तर देत होती.

विशेष म्हणजे या उत्तराला गोव्याच्याच इतिहासाचा आधार होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले होते. चर्चमधील वेदी, व्यासपीठे आणि हस्तिदंती मूर्ती घडविणाऱ्या स्थानिक कारागिरांनी त्यांत नकळत आपली नक्षी व आपले चेहरे कोरले होते. १५८० मध्ये गोव्याहून फत्तेपूर सिक्रीस गेलेल्या जेझुइटांनी नेलेली धर्मचित्रे पाहून अकबराच्या दरबारातील चित्रकारांनीही मरियेची चित्रे रंगविली होती. मात्र कारागिराच्या हातून सहजपणे घडलेली गोष्ट एका सुशिक्षित कॅथलिक चित्रकाराने जाणीवपूर्वक केली, तेव्हा ती आक्षेपार्ह ठरली.

गोवा सोडून फोन्सेका पुण्यास आले आणि शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहू लागले. या संघाची स्थापना जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२ मध्ये केली होती. खादीचा वेश, साधे भारतीय भोजन आणि भारतीय पद्धतीची उपासना हे आश्रमजीवनाचे विशेष होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या जीवनाने विन्स्लो प्रभावित झाले होते. त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. टिळकांनी अभंगांतून आणि 'ख्रिस्तायना'तून ख्रिस्तभक्तीला मराठी वाणी दिली. तेच कार्य रंगरेषांतून करू पाहणाऱ्या फोन्सेका यांना हा आश्रम जवळचा वाटला, यात नवल नाही. एका कॅथलिक चित्रकाराने अँग्लिकन आश्रमात राहणे ही गोष्टही त्या काळी साधी नव्हती.

याच आश्रमातून व्हेरियर एल्विन हे तरुण धर्मगुरू त्यापूर्वी मध्य प्रांतातील गोंडांमध्ये गेले होते. १९२७ मध्ये संघाबरोबर भारतात आलेल्या एल्विन यांनी १९३२ मध्ये शामराव हिवाळे यांच्यासह करंजिया या गोंड गावात मुक्काम ठोकला. पुढे त्यांनी तत्कालीन चांदा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशाला, लागून असलेल्या बस्तरमधील मुरिया व माडिया समाजांचा अभ्यास केला आणि मध्य भारतातील आदिवासी कलेवर ग्रंथ लिहिला. या वाटचालीत एल्विन यांनी चर्चशी असलेले नाते तोडले. फोन्सेका अखेरपर्यंत निष्ठावान कॅथलिक राहिले. भारतीय जीवनाशी समरस होण्याच्या एकाच ध्यासाने दोघांना अशा भिन्न दिशांना नेले.

पुण्यात फोन्सेका यांची शैली परिपक्व झाली. त्यांच्या चित्रांत येशू भगव्या वस्त्रातील गुरूसारखा येतो. मरियेच्या हाती वा पायाशी कमळ असते. समईचा प्रकाश, अनवाणी पाय आणि जमिनीवरील बैठक यांतून प्रसंगाला घरगुती पावित्र्य लाभते. १९५१ मध्ये त्यांचा विवाह आयव्ही यांच्याशी झाला. त्यानंतरच्या मरियाचित्रांत पत्नीच्या मुखाची छाया दिसते.

त्यांना पाठीराखे मिळाले नाहीत असे नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. रोममध्ये चेल्सो कोस्तांतिनी हे मिशनप्रदेशांतील देशी ख्रिस्ती कलेचा पुरस्कार करीत होते. तथापि कलाजगतातील वारे बदलत होते. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला आणि बंगाल शैली जुनी वाटू लागली. या ग्रुपचे एक संस्थापक फ्रान्सिस न्यूटन सूझा हेही गोमंतकीय कॅथलिकच. त्यांनी ख्रिस्ताच्या यातना उग्र, विद्रूप रेषांनी चितारल्या आणि त्यांना कीर्ती मिळाली. फोन्सेका यांचे सौम्य भक्तिचित्र मात्र परंपरानिष्ठांना फार भारतीय आणि आधुनिकांना फार धार्मिक वाटत राहिले.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. चर्चने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही आणि सर्व लोकसमूहांच्या कलेला तिच्यात वाव असावा, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. ज्या विचारासाठी फोन्सेका यांना मायभूमी सोडावी लागली होती, त्याला तीस वर्षांनी अशी अधिकृत मान्यता मिळाली. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात आयव्ही यांनी ही चित्रे अनेक वर्षे जपून ठेवली. पुढे त्यांतील मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सुपूर्द झाला. ज्या भूमीने एकेकाळी साडीतील मरियेला नाकारले, तेथेच तिला कायमचे घर मिळाले.