वीस पानांपासून उघड्या पानांपर्यंत

पोकर शिकायला बसलेल्याकडून आधी हातांची उतरंड पाठ करून घेतात: जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सीक्वेन्स, कलर, आणि त्यापुढची. तासाभरात ती येते. पण आलेल्या पानांवर बोली लावायची की पाने टाकून द्यायची, हे त्या उतरंडीतून कळत नाही. पोकरच्या दोनशे वर्षांत उतरंड थोडीफारच बदलली. बदलला तो बोलीचा क्रम. प्रत्येक मोठ्या बदलाने निर्णयाची एक नवी जागा डावात घातली, आणि पोकर इतर पैजेच्या खेळांपासून वेगळा झाला तो याच कारणाने, असे मला वाटते.

सुरुवातीचा पोकर अगदी तोकडा होता. जो कॉवेल हा इंग्रज नट 1829 मध्ये न्यू ऑर्लीन्सकडे जाणाऱ्या आगबोटीवर होता; तिथे पाहिलेल्या खेळाचे वर्णन त्याने 1844 च्या आठवणींत केले. त्या काळचा पोकर वीस पानांचा: एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी. चार खेळाडूंना पाच-पाच पाने वाटली की गड्डीत काहीच उरत नसे. पाचांचे संच होणार जेमतेम 15,504, आणि चार एक्के किंवा चार राजांसोबत एक एक्का हाती आला तर हरणे अशक्य. म्हणजे पाने उचलताक्षणी नशिबाचे काम आटोपले. उरली फक्त बोली आणि थाप. दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्या मराठी घरांना हा साचा ओळखीचा वाटेल. तीन पत्ती ही इंग्रजी ब्रॅगच्या कुळातली, आणि तिथेही पाने एकदा वाटली की बदलत नाहीत; चाल वाढते, कुणी पॅक होतो, शेवटी शो.

पुढे बावन्न पानांची गड्डी आली. आता संच 25,98,960 झाले, पण खरा फरक आकड्यात नव्हता. वाटून झाल्यावर पाने शिल्लक राहू लागली, म्हणून नको ती टाकून नवी घेता येऊ लागली. ड्रॉ पोकर छापील पुस्तकात 1850 च्या सुमारास दिसतो. त्यात बोलीच्या दोन फेऱ्या, आणि मधली अदलाबदल स्वतःच बोलू लागली: तीन पाने मागणाऱ्याकडे बहुधा जोडी, एक मागणाऱ्याकडे दोन जोड्या किंवा अर्धवट कलर. एकही न मागणारा एकतर भरलेला असतो किंवा तसे भासवत असतो. थापेला पहिल्यांदा पुरावा जोडता आला. अमेरिकन यादवी युद्धाच्या आसपास पसरलेल्या स्टड या प्रकाराने काही पाने सरळ उघडी ठेवली. टेक्सासमधल्या होल्डेमने तर पाच पाने सगळ्यांची सामाईक केली. हाती दोनच झाकलेली, मग तीन उघडी, मग एक, मग आणखी एक, आणि बोलीच्या चार फेऱ्या. 1960 च्या दशकात हा प्रकार टेक्सासच्या जुगाऱ्यांनी लास व्हेगासला नेला.

यावर कुणी म्हणेल, यात बुद्धीचा काय संबंध? मोठी गड्डी आली कारण जास्त माणसांना बसवायचे होते. फेऱ्या वाढल्या कारण त्यामुळे मधला गल्ला फुगतो. हेतू तोच असेल, हे मान्य. जुगाऱ्यांनी बुद्धीची सेवा करायला नियम बदलले असे कोण म्हणेल? पण गल्ला फुगवायचा तर खेळाडूला पैसे लावायला नवे कारण द्यावे लागते, आणि असे कारण म्हणजे नवी माहिती. लोभाने का होईना, विचाराला जागा मिळाली. गणिती जॉन फॉन नॉयमन आणि अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी 1944 च्या आपल्या ग्रंथात पोकरचे सोपे रूप घेऊन दाखवले, की अधूनमधून थाप मारणे हा हिशेबी खेळाचाच भाग आहे. विशेष म्हणजे त्यांच्या नमुन्यात उघडी पाने नव्हतीच.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. कॅलिफोर्नियाने 1885 मध्ये बंदी घातलेल्या खेळांत ‘स्टड-हॉर्स पोकर’ घातला, ड्रॉ मात्र त्या यादीत नव्हता. म्हणजे कायद्याला उघड्या पानांचा खेळच अधिक नशिबाचा वाटला का? मला तरी ती यादी कौशल्याचे मोजमाप वाटत नाही. त्या वेळच्या अड्ड्यांत जे बदनाम होते त्यांची ती नावे. ‘स्टड-हॉर्स’ हा शब्द कायद्यातून 1991 मध्ये निघाला. मधली शंभरहून अधिक वर्षे त्या राज्यातली कार्ड-घरे बोलीच्या दोनच फेऱ्यांवर भागवत राहिली, तर शेजारच्या नेवाडात 1970 पासून हॉर्सशू कॅसिनोत जागतिक स्पर्धा भरत होती आणि तिचा मुख्य डाव लवकरच होल्डेमचा ठरून गेला.