अकरा जागांची गोष्ट

श्रोतेहो, भिवपुरी रोडच्या फलाटावर उभे राहा. एकीकडची गाडी मुंबईला जाते, दुसरीकडची कर्जतवरून घाट चढून पुण्याला. अशा मधल्या मुलखाला ‘आपण म्हणे त्यांच्यात जाणार’ ही कुजबूज नवी नाही. १८९१ साली कर्जत तालुका ठाण्यातून कुलाब्यात आला, अन् १९८१ साली कुलाब्याचं नाव रायगड झालं.

कॉलेजच्या खेळांतही असंच घडलं. १९३५ साली विद्यापीठांच्या क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया चषक सुरू झाला. तेव्हा मुंबई विद्यापीठाचा पसारा केवढा! कराची, अहमदाबाद, पुणे, धारवाड, सगळीकडची कॉलेजं त्यातच. एवढ्या मुलांतून खेळायचे मात्र अकराच. लांबच्या मुलाकडे निवडणाऱ्यांचं लक्ष जावं तरी कसं?

पुढं वाटण्या झाल्या. १९४९ साली पुणे आणि गुजरात, १९५८ साली मराठवाडा, १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघालं. कालचे सोबती मैदानात समोरासमोर आले. एकत्र घर मोडल्यासारखं वाटणारच; पण प्रत्येक वाटणीनं अकरा नव्या जागा झाल्या, हेही खरं.

आज रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत आहे. उद्या पुन्हा जोडण्या-तोडण्याची आवई उठली, तर गुरुजी, नावावरून भांडत बसू नका. एवढंच विचारा: निवडचाचणी कुठं होणार, आणि भिवपुरीचं पोर तिथं वेळेवर पोचणार का?