वीट आणि चुना

खांबाला हात लावा. लांबून दगडी थाट; गिलावा पडलाय तिथे आत साधी वीट. रशियातल्या त्वेर प्रांतातलं हे एक खेडं. छपरातून बर्चची रोपटी डोकावताहेत ती इमारत म्हणजे ‘दोम कुल्तुरी’, कोलखोजचं, म्हणजे सामूहिक शेतीचं संस्कृतिभवन. वरच्या त्रिकोणावर विळा-हातोडा अजून ओळखू येतो. दार ढकला.

आत १९५५चा डिसेंबर. प्रांताचं नाव कालीनिन. ओल्या मेंढीकातड्यांचा आणि माखोर्का तंबाखूचा उग्र वास. एका बाजूला वाचनालय, दुसरीकडे कुणीतरी अकॉर्डियनवर बोटं बसवतंय. सभागृहातल्या खुर्च्या फळीवर ठोकलेल्या. नाच असला की अख्खी रांग उचलून भिंतीशी लावायची. आज मात्र रांगा हलत नाहीत. फलकावर ‘ब्रोद्यागा’, म्हणजे आपला ‘आवारा’. राज कपूर रशियन बोलतोय, गाणी हिंदीतच. चेंबूरच्या स्टुडिओत उभारलेला स्वप्नातला जिना पडद्यावर येतो आणि शेजारच्या आजी पदर, छे, रुमाल डोळ्यांना लावतात. सोव्हिएत देशात सहा कोटींहून जास्त लोकांनी हा सिनेमा पाहिला.

आजींना विचारा, मुंबई बघायची का? मुंबई राहू द्या, शहरात राहायला जायचं तरी देशांतर्गत पासपोर्ट हवा, आणि कोलखोजच्या शेतकऱ्याला तो सहसा मिळत नाही. मजुरी भरलेल्या कामाच्या दिवसांवर, तीही बरीचशी धान्यात. ज्यांना गाव सोडता येत नाही त्यांच्या दाराशी राजवाड्याचे खांब! तरीही इथलं हसणं-रडणं खोटं नाही, हे मान्य करायलाच हवं.

गंमत म्हणजे महिन्याभरापूर्वीच, ख्रुश्चेव्हच्या काळातल्या एका फर्मानाने असली सजावट ‘उधळपट्टी’ ठरली. पुढची भवनं सपाट, बिनखांबी. तुम्ही बसलाय ती इमारत रंग ओला असतानाच जुनी झाली.

आता प्रोजेक्टरच्या खोलीत चढा. फिल्म पेटली तर पळता यावं म्हणून तिला थेट बाहेर उघडणारं लोखंडी दार आहे. त्यातून उतरलात की १९८१. सरकारने १९७४ मध्ये ठरवलेले पासपोर्ट वाटून होताहेत. फाट्यावर पोरंपोरी पेट्या घेऊन बसची वाट बघताहेत.

“परत कधी?”

“सुट्टीत.”

नव्वदीत कोलखोजच बुडालं. बॉयलरचा कोळसा आणणार कोण? आधी रेडिएटर भंगारात गेले, मग छपराचा पत्रा कुणाकुणाच्या गोठ्यावर.