मॅमोग्रामवरचे त्रिकोण आणि चांदण्या

मॅमोग्राममधला, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण चित्रातला, दोष संगणकाकडून शोधून घेण्याचा खटाटोप १९६७ इतका जुना आहे. फ्रेड विन्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्या वर्षी ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात सुचवले, की डाव्या-उजव्या स्तनांची चित्रे ताडून पाहावीत आणि मेळ बसत नाही तिथे बोट ठेवावे. कल्पना चांगली होती, पण एवढे बारीक चित्र पेलण्याची ताकद तेव्हाच्या संगणकात नव्हती.

गाडे हलले ते १९८०च्या दशकात, शिकागो विद्यापीठात. कुनिओ दोई, हेआंग-पिंग चॅन आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियमचे सूक्ष्म कण हाती घेतले. फिल्मवर हे कण मीठ सांडल्यासारखे दिसतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, पण त्यांनी एका जागी दाटी केली की कर्करोगाची शंका घ्यावी लागते. रीत मोठी सुरेख होती. एकाच चित्राच्या दोन प्रती करायच्या. एकीत कण उठावदार, दुसरीत पुसट. मग पहिलीतून दुसरी वजा करायची. दोन्हींत सारखा असलेला ऊतींचा पसारा गळून जातो आणि ठिपके उरतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ डॉक्टरांनी ६० मॅमोग्राम वाचले. संगणकाच्या खुणा समोर असताना त्यांना हे पुंजके अधिक अचूक ओळखता आले.

१९९८ मध्ये अशा खुणा करणाऱ्या, आर-टू कंपनीच्या ‘इमेजचेकर’ यंत्राला अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली. रेडिओलॉजिस्टने आधी फिल्म स्वतः वाचायची, मगच यंत्राच्या खुणा पाहायच्या: त्रिकोण म्हणजे कणांचा पुंजका, चांदणी म्हणजे गाठीची शंका. मेडिकेअर ही अमेरिकेची सरकारी आरोग्यविमा योजना या वाचनाचे वेगळे पैसे देऊ लागली आणि यंत्रे भराभर पसरली. त्यात गुणवत्तेइतकाच बिलाचाही हात होता.

दुखणे होते ते खोट्या खुणांचे. तपासणीला आलेल्या हजार बायकांत कर्करोग निघतो तो मोजक्याच जणींना, त्रिकोण-चांदण्या मात्र निरोगी चित्रांवरही उमटत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतल्या ४३ केंद्रांवरचे ४,२९,३४५ मॅमोग्राम अभ्यासले गेले. यंत्र आल्यावर ऊतीचा तुकडा काढून पाहण्याचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्शाने वाढले होते, कर्करोग सापडण्यात लक्षणीय फरक नव्हता. २०१५च्या त्याहून मोठ्या पाहणीनेही यंत्राच्या बाजूने कौल दिला नाही.

या यंत्रांची पुढची पिढी माणसाने घालून दिलेल्या नियमांवर चालत नाही. लाखो चित्रे पाहून ती स्वतः शिकते. स्वीडनमध्ये प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टरांनी वाचण्याची रीत होती. तिथल्या ८०,०३३ स्त्रियांच्या चाचणीत निम्म्या जणींची चित्रे आधी यंत्राने निवडली: कमी जोखमीची एका डॉक्टरकडे, जास्त जोखमीची दोघांकडे. २०२३च्या निष्कर्षानुसार वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण कमी झाले नाही.