एकाच मुलाला ‘यू आर’ का?

‘ही इज’, ‘शी इज’, ‘इट इज’. मग समोर एकच मुलगा असताना ‘यू आर’ का? इंग्रजीच्या तासाला हा प्रश्न हमखास येतो आणि ‘नियमच तसा आहे’ असे सांगून आपण पुढे जातो. प्रश्न मात्र रास्त आहे. ‘यू’ मुळात एकवचन नव्हतेच; इतकेच काय, ते कर्त्याच्या जागी येणारे रूपही नव्हते.

जुन्या इंग्रजीत एकासाठी ‘दाऊ’ आणि अनेकांसाठी ‘यी’ ही कर्त्याची रूपे होती. कर्माच्या जागी ती अनुक्रमे ‘दी’ आणि ‘यू’ होत. (उच्चार नंतरच्या काळातले दिले आहेत.) दोघांसाठी वेगळे द्विवचनही होते. संस्कृत शिकवणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल, कारण ‘त्वम्’ आणि ‘दाऊ’, ‘यूयम्’ आणि ‘यी’ ही एकाच कुळातली भावंडे आहेत.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच आली. फ्रेंचमध्ये थोरांना अनेकवचनाने संबोधण्याची रीत होती. तेराव्या शतकापासून ती इंग्रजीतही दिसू लागते. धनी चाकराला ‘दाऊ’ म्हणे, चाकराने मात्र अनेकवचन वापरायचे. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखेच. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून हिणवले.

दरम्यान ‘यी’ आणि ‘यू’ यांतला भेद पुसट होत गेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस कर्त्याच्या जागीही ‘यू’ रुळले होते. १६११ च्या बायबलच्या भाषांतरात जुना भेद पाळलेला आहे, पण बोलण्यात तो उरला नव्हता.

मग क्वेकर पंथाचे लोक पुढे आले. देवापुढे सगळे सारखे, तेव्हा न्यायाधीश असो की उमराव, एकट्या माणसाला ‘दाऊ’च म्हणायचे, असा त्यांचा आग्रह. त्यापायी त्यांनी मारही खाल्ला. १६६० मध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी चक्क शिक्षकांना एकवचन-अनेकवचन शिकवणारे पुस्तक काढले! एकाला एकवचनच वापरतात हे त्यात अनेक भाषांतले दाखले देऊन मांडले होते. जुने व्याकरण त्यांच्याच बाजूने होते. समाज मात्र उलट दिशेने गेला: सगळ्यांना ‘दाऊ’ म्हणण्याऐवजी सगळ्यांनाच ‘यू’ म्हणू लागला. गंमत अशी, की पुढे क्वेकरांच्याच बोलण्यात कर्माचे ‘दी’ कर्त्याच्या जागी येऊन बसले.

अठराव्या शतकात लोकांनी एक सोय काढली होती. एकाला ‘यू वॉज’, अनेकांना ‘यू वेअर’. सोय चांगली होती, असे मला वाटते. पण रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने १७६२ च्या आपल्या व्याकरणात ‘यू वॉज’ला घोर चूक ठरवले. अमेरिकेत नोआ वेबस्टर यांनी त्याची बाजू घेतली, तरी शाळांनी लाउथचेच ऐकले.

वर्गात हे सांगताना ‘गुरुजी, तुम्ही आलात’ या वाक्यापासून सुरुवात करावी. गुरुजी एक, क्रियापद अनेकवचनी; मुलांना ‘आर’चा उलगडा तिथेच होतो. त्यापुढे एखादी चुणचुणीत मुलगी विचारेल, की मग अनेकांना वेगळे काय म्हणायचे? प्रमाण इंग्रजीत वेगळे रूप नाही. बोलीभाषांनी मात्र ते घडवले आहे: अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’, आयर्लंडमध्ये ‘यूज’.